उरेब

नायक्रोमची तार तपकीर गल्लीतली, मीटरवर मिळते.
बॅटरी जुनी, स्कूटरची.
दोन खुंट्यांमध्ये ताणलेली तार लाल होते
आणि थर्माकोलमधून आवाज न करता निघून जाते.
शलाका म्हणते, आई, तुझं टोक सोडू नकोस,
हात थबकला की तिथं खड्डा पडतो.
मला सांगतेय.
अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या रेशमावर
मी कात्री चालवलीय, श्वास धरून.

धनकवडीत दोन खोल्या.
पुढे माझं मशीन, ब्लाउज, पिको-फॉल,
मागच्या गॅलरीत तिची सायकल, भिंतीला टांगलेली,
आणि सायकलच्या पाठीमागे बसवायचं शेपूट:
पांढरं, पोटात फुगीर, टोकाला मुठीएवढं.

हवा पुढून अडवते असं वाटतं, ती सांगते जेवताना,
पण ओढते मागून.
आपण पुढे गेलो की मागे जी पोकळी राहते ना, ती.
मी दुसरी पोळी वाढते.
पोकळीबद्दल मला कोण विचारतंय.

पहिलं रेझिन चुकीचं आलं.
रात्रीत थर्माकोल खाऊन बसलं,
सकाळी परातीत नुसता चिकट खळगा.
मग भोसरीहून दुसरं, महाग,
शंभराला तीस, माझ्या मसाल्याच्या काट्यावर तोललेलं.
मे महिना. प्याला हातात तापायला लागला,
वीस मिनिटं म्हणाली होती, बाराव्यालाच धूर.

जुन्या बाजारातून फ्रिजचा कॉम्प्रेसर,
बुधवारी, साडेसातशे सांगून पाचशेला दिलेला.
त्याची नळी प्लास्टिकच्या पिशवीत सोडली
की पिशवी आवळत जाते
आणि आतलं सगळं एकमेकांना धरून बसतं.
पिशवीच्या आत एक थर नायलॉनचा,
तो माझ्या अस्तराच्या ताग्यातला. हिशेबात नाही धरला.

पण काचेचं कापड बसेना.
फुगवट्यावर चुण्या, चुण्या दाबल्या की शेजारी दुसऱ्या.
खाजकुइलीसारखे हात, रडवेलं तोंड.
मी पायडलवरचा पाय काढला.
म्हटलं, सरळ कापलंयस. उरेब काप.
उभा-आडवा धागा सोड, कोनात धर,
रुमालाची तिकोनी घडी पडते तसं.
मग बघ, कापड स्वतःहून वळतं.
वळलं.
तिनं काहीच म्हटलं नाही,
फक्त उरलेला तुकडा माझ्यापुढे सरकवला.

पहाटे पाच, भारती विद्यापीठाच्या मागचा उतार.
पायडल मारायचं नाही, नुसतं सुटायचं,
थांबेल तिथं खूण. खडू माझा, शिंप्याचा, निळा.
शेपटाविना: दुधाच्या बूथच्या अलीकडे.
शेपूट लावून: बूथ ओलांडून अकरा टेप पुढे.
अकरा टेप मी मोजले, वाकून,
दूधवाला बघत होता, काय हरवलं विचारत होता.

तिला पुरेनात.
मी उताराच्या मध्यावर उभी होते म्हणून दिसलं:
शेपटावर तिनं चिकटवलेले लोकरीचे धागे,
पुढचे सगळे निजलेले, केस विंचरल्यासारखे,
शेवटचे चार मात्र उलटे, भांबावलेले,
पुढे जायचं की मागे, ठरत नाही असे.

टक्स एकदम संपवला की असंच होतं, म्हटलं.
टोकाला चोच उभी राहते,
बाई आरशात बघते आणि मला शिव्या घालते.
तो हळूहळू मिटवायचा,
शेवटची टीप कापडावर आहे की हवेत, कळू नये.

ती हँडलवर हात ठेवून उभी.
किती लांब काढू?
वीतभर काढ. मग बघू.
वीत कोणाची, तुझी का माझी?

आज पुन्हा तार लाल झालीय मागच्या खोलीत.
साबणेबाईंचा ब्लाउज सोमवारचा शुक्रवारवर गेला.
माझ्या टेपवर, चौतीसपाशी,
रेझिनचा एक थेंब पडून वाळलाय,
नखानं निघत नाही, सुईनं निघत नाही.
चौतीसवाली कोणी आली
की आता अंदाजानं.